तुम्ही विचारलंत म्हणून: यांना आंघोळ घालत नाही का?

घरी येणारा प्रत्येक माणूस आमच्या गिनी पिगच्या पिंजऱ्यापाशी वाकतो, "अगंबाई, किती गोड" म्हणतो, मग नाक जरासं आक्रसतो आणि विचारतो, "यांना आंघोळ नाही का घालत?" आत्याने विचारलंय, शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलंय, गिनी पिग पाळायचा विचार करणारे मेसेज करून विचारतात ते वेगळेच. मी समोरच्याचा चेहरा बघून उत्तर देते. कधी "गरज नसते हो", कधी सरळ "घालते की". आज एकदाच नीट सांगते, कारण खरं उत्तर चारचौघात बसून देण्यासारखं नाहीये.

तर, घालत नाही. म्हणजे अख्खी आंघोळ नाही. ते स्वतःला चाटून-पुसून बऱ्यापैकी स्वच्छ ठेवतात, अंगाला नैसर्गिक तेल असतं ते शाम्पूने गेलं की कातडी कोरडी पडते, मग खाजवत बसतात. ओला राहिला तर गारठतो, गारठला की छाती धरते, आणि एवढ्याशा जिवाला न्यूमोनिया म्हणजे गंमत नाही. घाबरला तर खाणं सोडतो, आणि गिनी पिगच्या पोटात अर्धा-एक दिवस काही गेलं नाही की आतड्यांचं कामच थंडावतं. त्यांना सतत गवत चघळत राहावं लागतं.

एवढं सगळं सांगितलं की समोरून हमखास येतं, "ते ठीक आहे, पण वास येतो त्याचं काय?"

येतो. नाही कशाला म्हणू. पण वास आला की आधी पिंजरा बघा, दहातल्या आठ वेळा ओलं बिछान्याचं कापड असतं. उरलेल्या दोन वेळांचं उत्तर द्यायला मला चार वर्षं मागे जावं लागेल आणि तिथे मी काही फार चांगली दिसत नाही, म्हणून टाळत आले.

तेव्हा मी आंघोळ घालायचे. दर पंधरा दिवसांनी! उथळ टब, तळाला टॉवेल म्हणजे पाय सरकू नयेत, दोन इंच कोमट पाणी, डोक्यावर पाणी नाही, कानात पाणी नाही, सगळं वाचून-बिचून करायचे आणि वर स्वतःची पाठ थोपटायचे की बघा किती निगा राखते. टिल्लू आणि बंड्या, दोघेही नर, टिल्लू साडेतीन वर्षांचा आणि बंड्या तीनचा. बंड्या लहान असल्यापासून एकत्र. दोन नर एकत्र राहत नाहीत म्हणणाऱ्यांना मी या दोघांचे फोटो दाखवायचे, एकाच्या पाठीवर दुसऱ्याची हनुवटी.

त्या दिवशी माणसं येणार होती आणि टिल्लूला वास येत होता. बंड्याला नव्हता येत. म्हणून मी फक्त टिल्लूला घेतलं. वेळ कमी होता, दोघांना घालत बसले तर वाळवायचे कधी, असा साधा हिशोब. शाम्पूही नेहमीचा प्राण्यांचा संपला होता म्हणून लहान मुलांचा वापरला, छान सुगंधी. टिल्लू किंचाळला, तो दर वेळी किंचाळायचा, मी म्हटलं नाटकं करतोय. पुसला, हेअर ड्रायर लांबून मंद करून फिरवला, फुगून कापसाच्या बोंडासारखा झाला आणि मी त्याला परत पिंजऱ्यात ठेवला.

बंड्या आला, हुंगलं. मागे सरला. परत आला, परत हुंगलं, आणि मग कुल्ले डोलवत, घशातून तो मोटरसारखा आवाज काढत टिल्लूभोवती फिरायला लागला. गिनी पिग पाळणाऱ्यांना माहितीये तो नाच. रुबाब दाखवायचा असतो त्यांना. मला हसू आलं म्हणून मी फोन काढला आणि व्हिडिओ करायला लागले. तो व्हिडिओ अजून आहे माझ्याकडे. त्यात दिसतं की बंड्याच्या मानेवरचे केस उभे राहिलेत. तो जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडतो, आणि ती जांभई नसते, तो दात दाखवत असतो. दात करकर वाजायला लागतात, आधी एकाचे मग दोघांचे, आणि एवढं सगळं चालू असताना मागे माझा हसण्याचा आवाज येतो, "अरे ओळखलं नाहीस का, टिल्लू आहे, टिल्लू!" सव्वीस सेकंदांचा व्हिडिओ आहे. शेवटच्या दोन सेकंदांत नुसता केसांचा एक गोळा दिसतो आणि फोन खाली पडतो.

मी हात घातला. कधीच घालायचा नसतो, जाड टॉवेल टाकायचा किंवा मध्ये सुपली नाहीतर पुठ्ठा सारायचा, हेही मी वाचलेलं होतं. अंगठ्याच्या खाली आरपार दात गेले, कोणाचे ते मला आजही माहीत नाही. दोघं सुटे झाले तेव्हा टिल्लूच्या कानाची कड फाटली होती आणि त्या पांढऱ्याशुभ्र धुतलेल्या केसांवर थेंब थेंब रक्त. माणसं आली तेव्हा मी हाताला फडकं गुंडाळून दार उघडलं. "वा, कसे चकचकीत झालेत," असं कोणीतरी म्हणालंसुद्धा.

दोघं पुन्हा एकत्र राहिले नाहीत. मी प्रयत्न केले, मोकळ्या तटस्थ जागेत सोडून बघितलं, दोघांची कापडं आपापसात बदलून बघितली, तीन महिने. आता मधे जाळी आहे.

आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. दोनच दिवसांत टिल्लूला परत वास. तोच. कान दाखवायला डॉक्टरांकडे नेलं होतं, तेव्हा सहज म्हटलं की आंघोळ घालूनही वास जात नाही. त्यांनी त्याला उचलून पाठीवर आडवा धरला, खालची घडी दोन बोटांनी अलगद उघडली आणि मला म्हणाले, "हे बघा." आत बोराएवढा, मऊ लेंड्यांचा चिकटलेला गोळा.

नरांना खाली एक पिशवीसारखी घडी असते, गुदद्वार तिच्यातच उघडतं आणि वासाच्या ग्रंथीही तिथेच. गिनी पिग दोन प्रकारच्या लेंड्या टाकतात, एक कडक, ती आपण झाडून काढतो, आणि दुसरी मऊ, ती ते परत खातात, तिच्यातून त्यांना बी जीवनसत्त्वं मिळतात. (हे ऐकून आत्या खोलीतून उठून गेली होती.) वय वाढलं की काही नरांचे तिथले स्नायू सैल पडतात, मऊ लेंडी बाहेरच पडत नाही, साचत जाते. म्हणजे बघा, मी टिल्लूचं अंग सुगंधी करत बसले होते आणि वास येत होता तो त्या घडीतून, जिथे माझं पाणी पोचतच नव्हतं. ज्या कारणासाठी आंघोळ घातली ते कारण आंघोळीने जाणारं नव्हतंच.

तर मी आता काय करते ते सांगते. रोज रात्री टिल्लूला मांडीवर घेते, टॉवेलवर, पाठ माझ्या पोटाला टेकवून. इअरबडला कोमट खोबरेल तेल, घडीच्या कडेने लावायचं, दोन-तीन मिनिटं मऊ होऊ द्यायचं आणि मग खालून बोटाने हलकं दाबलं की गोळा आपोआप बाहेर येतो. ओढायचं नाही, खरवडायचं नाही. येत नसेल, रक्त दिसलं किंवा तो कण्हायला लागला तर डॉक्टर. महिन्यातून एकदा पुढचंही बघायचं, म्हणजे, हो, तेच. तिथे केस आणि गवताची काडी अडकते. एकदा काहीतरी पांढरं, मेणासारखं घट्ट निघालं तर मी खडा समजून घाबरले, डॉक्टर हसले, नरांचं वीर्य बाहेर आलं की असं घट्ट होतं म्हणे.

तिसरी जागा कंबरेच्या खाली, शेपूट असती तर जिथून फुटली असती तिथे जराशी वर. एक ग्रंथी असते, तिच्यातून चिकट तेलकट येतं आणि नरांमध्ये जास्त. केसांचा मेणचट तपकिरी गठ्ठा होतो. तिथेही खोबरेल, पाच मिनिटं, मग प्राण्यांच्या शाम्पूचा एक थेंब आणि ओल्या फडक्याने पुसून काढायचं. बंड्याला एवढंच लागतं, दोन महिन्यांतून एकदा. टिल्लूचे मागचे केस लांब आहेत, ते लघवीत भिजतात म्हणून कापते. नखं पुढच्या पायांना चार चार, मागच्या पायांना तीन तीन, एकूण १४, त्यावर मी काही बोलणार नाही, आमच्या घरातली शांतता त्यावर अवलंबून आहे.

म्हणून कोणी "आंघोळ घालत नाही का" विचारलं की मला एकदम राग येतो, आणि मग लगेच लाज वाटते, कारण हाच प्रश्न मी स्वतःला विचारून स्वतःच चुकीचं उत्तर दिलेलं आहे. त्या दिवशीच्या मला आज काय सांगू? दोघांनाही एकदमच घालायची होतीस, एकाचाच वास का बदललास? सांगते मी तिला. ती म्हणते, बायको होऊन नांदत होते का ते दोघं, नर आहेत, कधीतरी भांडणारच होते. मी डॉक्टरांनाही विचारलंय, आंघोळीमुळेच झालं का. ते म्हणाले, असं काही मी लिहून देणार नाही. टिल्लू साचलेल्या गोळ्याने आधीच बेजार असेल, चिडका झाला असेल, बंड्याने ते आधीच ओळखलं असेल, शाम्पू फक्त निमित्त. हे मला आवडतं ऐकायला. म्हणूनच त्यावर विश्वास बसत नाही. आणि नंतर वर्षभर मी इतकी टोकाला गेले की पाण्याचं नाव नको, त्यात बंड्याचा पाठीवरचा गठ्ठा खालपर्यंत कातडीला चिकटला आणि तो काढताना त्याचे केस गेले. तोही दोष आंघोळीवर टाकता येत नाही.

टिल्लू आता साडेसात वर्षांचा आहे. दर रविवारी वजन करते, परवा १०४० ग्रॅम भरलं, मागच्या महिन्यापेक्षा ४० कमी. रोज तेल लावून परत ठेवला की बंड्या जाळीपाशी येतो आणि हुंगतो. कधी दात वाजवतो, कधी तिथेच जाळीला टेकून पसरतो. मी दोन्ही वेळा टॉवेल हातात घेऊन उभी असते, जाळी असूनही.

काल काकू आल्या होत्या. वाकल्या, गोड म्हणाल्या, नाक आक्रसलं. मी म्हटलं, "हो हो, घालते की, महिन्यातून एकदा." त्या म्हणाल्या, "तेच म्हटलं." मग मी घड्याळ बघितलं, टिल्लूच्या तेलाची वेळ होत आली होती आणि काकू काही उठायचं नाव घेत नव्हत्या.