१२१ वरून १३७ इंचांवर: ट्रेलची स्लेड बदलतानाच्या नोंदी

जुनी ६०० सीसीची, १२१ इंची ट्रॅकवाली (ट्रॅक म्हणजे खाली फिरणारा रबरी पट्टा) स्लेड, म्हणजे स्नोमोबिल, अखेर दिली. तिच्या जागी गॅरेजमध्ये आता १३७ इंची उभी आहे. ट्विन सिटीजमधले (मिनियापोलिस-सेंट पॉल) आणि कॅनडातले आपले बरेच जण सध्या हाच हिशेब मांडून बसलेत. म्हणून तुलना करताना काय पाहिलं, कशाला महत्त्व दिलं आणि कशाकडे काणाडोळा केला ते इथे टिपून ठेवतो. डोंगरातल्या कमरेएवढ्या बर्फात घालायच्या स्लेडबद्दल यात काही नाही. मी ट्रेलवरचा माणूस, त्यातही मिनेसोटाच्या नॉर्थ शोअरवरचा, म्हणजे लेक सुपिरियरच्या उत्तर काठाकडचा.

सप्टेंबर

लेबर डेनंतरच्या शनिवार-रविवारी मिनेसोटातल्या नॉर्थ ब्रँचला ‘हे डेज’ नावाचा मेळा भरतो. बर्फाचा पत्ता नसताना गवतावर स्लेडच्या शर्यती, आणि बाजूला सुट्या भागांपासून अख्ख्या स्लेडपर्यंत सगळ्याचा बाजार. स्लेड बदलायची असेल त्याने इथे एक चक्कर जरूर मारावी, फक्त पैशांचं पाकीट घरी ठेवून. सगळ्या कंपन्यांच्या स्लेड्स एकाच दिवशी, एकाच उन्हात बघायला मिळतात आणि मालक मंडळी मोकळेपणी बोलतात. विकायला आलेला माणूस जेवढा खरं बोलत नाही तेवढा नुसता मिरवायला आलेला बोलतो.

पहिला प्रश्न नवी की वापरलेली. मी वापरलेलीच शोधत होतो, आणि त्याला एक कारण होतं. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटात जवळजवळ कोरडाच गेला. डुलूथची जॉन बेअरग्रीज ही कुत्र्यांच्या गाड्यांची नावाजलेली शर्यतसुद्धा बर्फाअभावी रद्द करावी लागली. त्या सुमारास हौसेने घेतलेल्या पुष्कळ स्लेड्स गॅरेजमध्येच बसून राहिल्या. वय दोन-तीन वर्षांचं, पण ओडोमीटरवर आकडा किरकोळ, असा माल सध्या बाजारात आहे. घेणाऱ्यासाठी बरी वेळ आहे.

दुसरा प्रश्न कंपनीचा. यामाहाने १९६८ मध्ये पहिली स्नोमोबिल काढली होती. २०२३ मध्ये त्यांनी हा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि उत्तर अमेरिकेसाठी २०२५ चं मॉडेल शेवटचं ठरलं. त्यांचं साइडवाइंडर, ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, अजूनही ऐकलं की मान वळते. पण माझ्या कामाची ती स्लेड नव्हे. आर्क्टिक कॅटचंही मधे अवघड झालं. २०२४ च्या अखेरीस तिची मालक कंपनी टेक्स्ट्रॉनने उत्पादन थांबवत असल्याचं सांगितलं आणि २०२५ मध्ये कंपनी नव्या मालकांच्या हाती गेली. थीफ रिव्हर फॉल्सचं (कॅटचं गाव) नाव या खेळात इतकं जुनं आहे की ती टिकावी असं मनापासून वाटतं. त्यांच्या नव्या कॅटलिस्ट चासीत चेनकेसच (ट्रॅक फिरवणाऱ्या चेनची पेटी) नाही, बेल्टवर काम चालतं. म्हणजे चेन ताणणं नाही, तिथलं तेल बदलणं नाही. कागदावर मला तीच सगळ्यांत आवडली होती.

उरल्या दोन: रोझोची पोलारिस आणि क्वेबेकमधल्या वॅलकोरची स्की-डू. म्हणजे शेवटी यादीत तीन नावं राहिली. पोलारिसची इंडी एक्ससी १३७ (६५० पेट्रियट इंजिनवाली), स्की-डूची रेनेगेड ६००आर ई-टेक, आणि कॅटची कॅटलिस्ट झेडआर ६००.

८५० सीसी का नाही?

हे मला सगळ्यांनी विचारलं, अगदी ज्यांच्याकडे स्लेड नाही त्यांनीसुद्धा. ६००आर ई-टेकची ताकद १२५ अश्वशक्तीच्या आसपास, ८५० ची १६५ च्या आसपास. फरक खराच आहे, गोठलेल्या सरळ तळ्यावर अंगठ्याने थ्रॉटल दाबला की पोटात कळतो. पण मिनेसोटात सार्वजनिक ट्रेलवर आणि तळ्यांवर वेगमर्यादा ताशी ५० मैल आहे, आणि माझा बहुतेक दिवस स्प्रूस-बर्चच्या झाडीतून वळणं घेण्यात जातो. तिथे त्या वरच्या ४० घोड्यांना तबेल्यातच बांधून ठेवावं लागतं, आणि त्यांचा चारा मात्र आपण भरायचा. इन्शुरन्सही वाढतो. ज्याला रोज मोठ्या तळ्यांवर जायचं त्याने खुशाल ८५० घ्यावी.

फोर स्ट्रोकचा विचार मात्र गंभीरपणे केला. स्की-डूचं ९०० एस (ACE) हे तीन सिलिंडरचं इंजिन, साधं घ्या किंवा टर्बो. २०१९ च्या मॉडेलपासून १५० अश्वशक्तीचं टर्बो आलं, २०२२ पासून १८० चं. आवाज शांत, जॅकेटला तेलाचा वास नाही, टू-स्ट्रोकचं तेल सोबत बाळगायला नको. आमच्या ग्रुपमधले सगळ्यांत ज्येष्ठ काका वर्षानुवर्षं फोर स्ट्रोकच चालवतात, काकू मागे बसतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "तू टू स्ट्रोकच घे. ट्रेलच्या कडेला खड्ड्यात गेली की उचलायला तूच असणार आहेस, मी नाही."

मुद्दा बरोबर आहे. फोर स्ट्रोकचं वजन जास्त आणि ते पुढे, स्कीवर येतं. जाहिरातीतलं वजन नेहमी कोरडं असतं, हेही लक्षात ठेवा. पेट्रोल गॅलनला साधारण सहा पौंड. दहा गॅलनची टाकी भरली की साठ पौंड वाढले, वर तेल, कूलंट, आणि दुपारपर्यंत सस्पेन्शनमध्ये घट्ट बसलेला बर्फ.

टू स्ट्रोकमध्येही तिघांचे रस्ते वेगळे आहेत. जुन्या टू स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच एक्झॉस्टमधून निघून जातो. तो निळा धूर आणि तो वास त्याचाच. ई-टेकमध्ये इंधन थेट सिलिंडरमध्ये, तेही शक्य तितक्या उशिरा सोडलं जातं, त्यामुळे वाया कमी जातं. पोलारिस आणि कॅट आपापल्या पद्धतीने त्याच दिशेने अर्ध्या वाटेपर्यंत गेलेत. नॉर्थ शोअरवर याला अर्थ आहे. डुलूथपासून ग्रँड मरेपर्यंतचा स्टेट ट्रेल १४६ मैलांचा, तोही लेक सुपिरियरच्या काठाने नव्हे, वरच्या डोंगरकण्यावरून. पेट्रोल भरायचं तर फिनलंड, टॉफ्टी अशा गावांशी वाट जुळवावी लागते. टाकीत किती उरलंय याची धाकधूक न करता जाता आलं तर दिवस चांगला जातो.

ट्रॅकची लांबी, आणि दुपारचे उंचवटे

माझ्या मते खरी तुलना इथे आहे, आणि लोक नेमकी हीच वगळतात.

ट्रेल रात्री ग्रूम करतात. ग्रूमर वरचा थर कापून, भुसभुशीत करून, दाबून सपाट करतो. मग तो बर्फ थंडीत काही तास तसाच राहिला तर घट्ट धरतो. सकाळी सातला बाहेर पडलात तर रस्ता टेबलासारखा. शनिवारी दुपारी दोनला त्याच वाटेवर दर काही फुटांवर एक उंचवटा असतो, कारण मधे शेकडो स्लेड्सनी वळणाआधी ब्रेक मारलेत आणि वळणानंतर अंगठा दाबलाय. राज्यात २२,००० मैलांहून जास्त ट्रेल आहेत आणि बहुतेक क्लबांचे स्वयंसेवक सांभाळतात. त्यांच्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करणं बरोबर नाही. उंचवटे राहणारच.

१२१ इंची ट्रॅक अशा जागी प्रत्येक खळग्यात उतरतो आणि प्रत्येक उंचवट्यावर चढतो. १३७ इंची ट्रॅकचे रेल (ज्यांवरून ट्रॅक सरकतो त्या आतल्या पट्ट्या) लांब असल्यामुळे पुढचा भाग पुढच्या उंचवट्यावर पोचतो तेव्हा मागचा भाग अजून आधीच्या उंचवट्यावरच असतो. खळगा वरच्यावर ओलांडला जातो. एका मित्राची १३७ इंची आणि माझी जुनी, दोन्ही एकाच दुपारी, एकाच पट्ट्यावर आलटूनपालटून चालवल्या. जुनीवर मी उभा राहून गुडघ्यांनी धक्के खात होतो, मित्राच्या स्लेडवर बसूनच पुढे गेलो. त्यानंतर कॅटलॉग चाळायची गरजच उरली नाही.

किंमत वळणावर मोजावी लागते. लांब ट्रॅक सरळ जायला बघतो, पुढची स्की वळूनही स्लेड बाहेर ढकलली जाते. १२९ हा मधला मार्ग, आणि झाडीतून चपळ चालवणाऱ्याला तोच आवडेल. मला दिवसाअखेरी पाठ हवी आहे.

लग्सची (ट्रॅकवरच्या रबरी दात्यांची) उंची १.२५ इंच पुरते. फॅक्टरीतूनच खिळे बसवलेला आइस रिपर एक्सटी ट्रॅक मिळाला तर बर्फाच्या काचेवर ब्रेक लागतो. पण मिनेसोटात डांबरी सार्वजनिक ट्रेलवर धातूच्या खिळ्यांना मनाई आहे, तेव्हा तुमच्या नेहमीच्या वाटेत डांबरी पट्टा येतो का ते आधी बघा.

बसून बघणं

तिन्ही स्लेड्सवर पूर्ण कपडे, बूट, हेल्मेट घालूनच बसलो. शोरूममधला सेल्समन हसला, हसू दे. साध्या जीन्सवर बसून घेतलेली स्लेड ट्रेलवर वेगळीच लागते. माझी उंची पाच फूट सहा इंच, आपल्यापैकी बऱ्याच जणांची तेवढीच. हँडल फार उंच असेल तर बसून चालवताना खांदे चढतात, आणि उभं राहिल्यावर जे बरं वाटतं ते बसल्यावर दुखतं. हँडल उंच करणारा रायझर बदलता येतो, पण सीटची उंची आणि पाय ठेवायची जागा यांचं नातं बदलता येत नाही. अंगठ्याने थ्रॉटल दाबताना मनगट सरळ राहतं का, जाड ग्लोव्हमध्ये हीटरचं बटण सापडतं का, एवढं तरी बघाच. मोठी रंगीत स्क्रीन सगळ्यांनाच आवडते. मी तिला शेवटचा क्रमांक दिला.

तिघींपैकी कुठलीच वाईट नव्हती. रेनेगेडवर मी सगळ्यांत नैसर्गिक बसलो, आणि तिचा डीलर घरापासून वीस मिनिटांवर आहे. जानेवारीच्या मधल्या आठवड्यात बेल्ट किंवा सेन्सर लागला तर ही वीस मिनिटं कुठल्याही अश्वशक्तीपेक्षा मोठी. कॅटचा सगळ्यांत जवळचा डीलर माझ्यापासून बराच लांब आहे. नाहीतर निर्णय कठीण गेला असता.

नोव्हेंबर: वापरलेली तपासताना

टॉर्च घेऊन जा आणि स्लेडखाली आडवे व्हा. रेलखालच्या घसरपट्ट्या किती झिजल्यात, ट्रॅकच्या क्लिपा जागेवर आहेत का, बोगी चाकं (ट्रॅकच्या आतली छोटी चाकं) हाताने हलवली तर डगमगतात का. टनेलच्या (ट्रॅकवरच्या धातूच्या छताच्या) आतला, कूलंट थंड करणारा हीट एक्सचेंजर खिळ्यांनी खरवडलाय का हे खास बघा, कारण कूलंट तिथून गेला तर ट्रेलवर तुमचा दिवस संपला. क्लचमधल्या बेल्टची बाजू चकाकत असेल तर तो घसरून जळलाय. क्लचचं झाकण काढायला मालक कां-कूं करू लागला तर नमस्कार करून निघा.

एअरबॉक्स (इंजिनला हवा पुरवणारी पेटी) उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. मी पाहिलेल्या एका स्लेडच्या एअरबॉक्समध्ये उंदरांनी इन्सुलेशन कुरतडून छान बिऱ्हाड थाटलं होतं. ओडोमीटर अगदी कमी, रंग चकचकीत, आणि आत हा संसार. उन्हाळाभर उभ्या राहिलेल्या स्लेडचं हे नेहमीचं दुखणं आहे.

कॉम्प्रेशन मोजताना आकडा किती यापेक्षा दोन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे आहेत ना ते बघतात. माझ्यावाले होते. व्यवहार केला.

शॉट स्टार्टर असेल तर एक समजून घ्या: यात मोठी बॅटरी नाही, कपॅसिटर आहे. दिवसाची पहिली सुरुवात दोरी ओढूनच करायची, नंतरच्या थांब्यांना बटण. वजन वाचतं. रिव्हर्सची गंमत तर मला अजूनही संपत नाही. गिअर नाहीच; बटण दाबलं की इंजिन जवळजवळ थांबतं आणि उलटं फिरू लागतं.

जानेवारी

संक्रांतीच्या आठवड्यात बर्फ नीट धरला. पहिले दोन दिवस फक्त सस्पेन्शन जुळवण्यात घालवले आणि ते सगळ्यांनी करावं. मागच्या बंपरची जमिनीपासून उंची दोनदा मोजायची: एकदा मागचा भाग उचलून पूर्ण मोकळा सोडून, एकदा पूर्ण कपड्यांत वर बसून. जो फरक येतो तो एकूण हालचालीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतका असावा. माझं वजन कमी, मागची स्प्रिंग फॅक्टरीच्या सेटिंगवर मला जड जात होती. स्प्रिंगचा ताण ठरवणारा कॅम एक पायरी उतरवला तेव्हा कुठे मागचा शॉक काम करू लागला.

मग वळण. स्की बाहेर ढकलली जात होती, म्हणून पुढचा लिमिटर स्ट्रॅप (ट्रॅकच्या सस्पेन्शनचा पुढचा भाग किती खाली उतरेल ते ठरवणारा पट्टा) एक भोक आखडला. त्याने स्कीवर भार वाढतो आणि पुढचा भाग वळणात चावतो. हँडल थोडं जड झालं, चालतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, तोच पट्टा पुन्हा चालवा, मग दुसरी.

स्क्रॅचर्स लगेच बसवून घेतले. ही इंजिनं ट्रॅकने उडवलेल्या बर्फावर थंड होतात. कडक बर्फावर किंवा उघड्या तळ्यावर वर काही उडालंच नाही तर तापमान चढतं आणि घसरपट्ट्या वितळू लागतात. दोन स्प्रिंगच्या काड्या खाली सोडल्या की त्या बर्फ खरवडून आत पाठवतात. रिव्हर्स करताना जुन्या पद्धतीच्या काड्या वाकतात, म्हणून मागेही चालणाऱ्या घेतल्या.

बायकोने तिळाचे लाडू खिशात दिले होते. उणे वीस फॅरनहाइटला ते दाताने फुटत नाहीत. एक्झॉस्टजवळच्या डब्यात दहा मिनिटं ठेवले की जमतात.

आता कार्बाइड (स्कीखालच्या कडक धातूच्या धारा) बदलायची आहेत, मागच्या मालकाची बोथट झालीत. तेल किती पितं ते प्रत्येक टाकीला लिहून ठेवतोय. फेब्रुवारीत ग्रँड मरेला जाऊन आलो की आकडे देतो.