मोहर्लीची दुपार आणि बंद खिडक्या

"मला आत श्वास पुरत नाहीये गं," दुपारी तीनला सासूबाई गाडीतल्या पलंगावर उठून बसत म्हणाल्या, आणि माझ्या पोटात गोळा आला.

मंगळवारी ताडोबा बंद असतं. तो दिवस गाडीतच आराम करायचा, असं मीच ठरवलं होतं. मेचा शेवटचा आठवडा, नवतपा, म्हणजे सर्वात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागलेला. पुण्याहून आणलेली आमची कॅम्पर व्हॅन ताडोबाच्या वेशीवरच्या मोहर्लीत एका खानावळीच्या अंगणात उभी होती. पुणे ते नागपूर प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, रस्ता चांगला आणि ऊन वाईट.

बाहेर ४५ अंश होते, आत ३८. तो फरक पाहून मी निर्धास्त होते. नागपुरात घेतलेला छोटा कूलर ओट्याशेजारी ठेवला होता, आणि गारवा निघून जाऊ नये म्हणून दार, खिडक्या, छतातला पंख्याचा झरोकासुद्धा मी घट्ट लावून घेतला होता. घरी एसी लावताना करतो तसंच. पण चादर ओलसर लागत होती. घाम निथळत होता, वाळत मात्र नव्हता. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला अशा हवेत दोन तास बसवलं, याचा मला आजही त्रास होतो.

खानावळीच्या काकू पन्हं घेऊन आल्या होत्या. दार सरकवताच आतली वाफ त्यांच्या तोंडावर आली. "ताई, दार कावून लावून घेतलं जी? कूलर आतमंदी कोंडून ठेवाल तं जीव घाबरनच न!" त्यांनी आधी सासूबाईंना हाताला धरून ओसरीवर नेलं, डोक्यावर ओला पंचा ठेवला, पन्हं घोटघोट पाजलं. मग माझ्या नवऱ्याला हाक मारून कूलर उचलायला लावला आणि सरकत्या दाराच्या तोंडाशी, बाहेर ठेवायला सांगितला. विदर्भात कूलर खिडकीबाहेर टांगलेले का असतात, हे मला तेव्हा कळलं. वाळ्याच्या ताटीतून कोरडी हवा गेली की पाणी उडतं आणि हवा गार होते. तीच ओली झालेली हवा पुन्हा पुन्हा ताटीतून फिरवली तर पाणी उडेनासं होतं, नुसता दमटपणा साठतो. कूलरला बाहेरची कोरडी हवा आत घ्यायला वाट हवी असते आणि आतली ओली हवा बाहेर जायलाही.

झरोका उघडला, त्यातला पंखा हवा बाहेर फेकेल असा लावला, आणि पलंगाच्या उशाशी सावलीकडची एकच खिडकी उघडी ठेवली. सगळ्या उघडल्या तर झोत विखुरतो, हे आम्ही संध्याकाळभर उघडझाप करून पाहिलं. डासांच्या जाळीवर पुण्यापासूनची धूळ बसली होती, ती धुतल्यावर झोत आणखी वाढला.

काकूंची दुसरी तक्रार छताबद्दल होती. या भागात २० मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर. आम्ही हौसेनं बाजूला छत्री लावली होती, काचांना चकचकीत पडदेही आतून लावले होते. पत्र्याचं छत मात्र उघडंच तापत होतं. आणि काचेतून ऊन एकदा आत आलं की पडदा त्यातलं सगळं परतवू शकत नाही, बाकीची उष्णता आतच राहते. काकूंच्या मुलानं हिरवी जाळी आणून छतापासून हातभर वर बांधली, पुढच्या काचेवर बाहेरून गोणपाट टाकलं. मधल्या मोकळ्या जागेतून वारा खेळायला लागला. सूर्य मावळल्यावर त्यानं पत्र्यावर दोन बादल्या पाणी मारलं, त्यांच्या गच्चीवर रोज मारतात तसं. त्याचे पैसे काकूंनी घेतले नाहीत. आम्ही ज्या रिसॉर्टमध्ये आधी गाडी लावायची परवानगी मागितली होती, तिथे झाडाखालची जागा फक्त खोली घेणाऱ्यांना होती. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

रात्री अकरापर्यंत गाद्या आणि कपाटं उष्णता सोडतच होती. स्वयंपाक आम्ही त्या दिवसापासून बाहेरच केला. बंद गाडीत शेगडी म्हणजे उष्णता आणि वाफ, शिवाय विषारी वायूची भीती. सासूबाई बाराला झोपल्या. मी दोनपर्यंत त्यांचा श्वास ऐकत जागी होते.

बुधवारची सफारी छान झाली, वाघीण दिसली.

पुढच्या आठवड्यात कोकणात, समुद्रकाठच्या आंजर्ल्याला गेलो. तिथली हवा आधीच ओली, कूलर तिथे काही कामाचा नव्हता. आम्ही तो भरलाच नाही. नारळांच्या सावलीत दार खाऱ्या वाऱ्याकडे करून गाडी उभी केली, खिडकी आणि झरोका उघडा ठेवला, पंखा रात्रभर चालवला. झोपण्याआधी सासूबाईंनी उशाशी हात नेऊन वारा येतोय ना ते पाहिलं, आणि मगच पाठ टेकली.