ख्रिसमस बघायला कधी येऊ?

गणपती उरकले की दर वर्षी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "या डिसेंबरात युरोपला यायचं म्हणतोय. २४ ला पोचतो, म्हणजे पंचवीसचा ख्रिसमस नीट बघता येईल. कुठल्या देशात उतरू?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकते.

२४ ला पोचू नका.

मी आखेनला राहते, जर्मनीच्या पश्चिम टोकाला. इथे २४ ला दुपारी दोनच्या सुमारास दुकानांची शटरं खाली येतात. २५ आणि २६ दोन्ही दिवस सुट्टी, त्यात पुढे रविवार आला तर दूध-ब्रेडचा साठा तुमचा तुम्ही केलेला बरा. ज्याचे फोटो बघून तुम्ही तिकीट काढणार, ते ख्रिसमस मार्केट तर २३ लाच आवरलेलं असतं. २४ च्या संध्याकाळी रस्त्यावर कुत्रं फिरवणारे दोघं-चौघं दिसतील, तेवढंच. सण चालू असतो, पण घरात, दार लावून. ज्या खोलीत झाड सजवलेलं असतं तिथे मुलांना दिवसभर मज्जाव. संध्याकाळी आतून छोटी घंटा वाजली की आत धावायचं, तोवर झाडाखाली भेटी येऊन पडलेल्या असतात. आणि एवढ्या मोठ्या सणाला बऱ्याच घरांत जेवायला काय, तर बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज. भाजलेला हंस दुसऱ्या दिवशी. "सणाला बटाट्याची भाजी?" असं माझी आई म्हणाली होती, आणि तिचं मत अजून बदललेलं नाही.

या भेटी सांता आणतो असं समजत असाल तर थांबा. जर्मनीच्या दक्षिणेत त्या बाळ येशू आणतो, सोनेरी केसांचा, पंख असलेला. उत्तरेत लाल झग्यातला म्हातारा. यामागे ५०० वर्षांपूर्वीचं भांडण आहे. पूर्वी भेटी ६ डिसेंबरला, संत निकोलसच्या दिवशी मिळायच्या. प्रॉटेस्टंट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या मार्टिन ल्यूथरला आणि त्याच्या अनुयायांना संतांचं हे प्रस्थ नको होतं, म्हणून त्यांनी भेटींचा मान येशूला दिला आणि दिवसही त्याच्याच जन्माचा धरला. गंमत अशी की आज बाळ येशूला धरून बसलेत ते मुख्यतः कॅथलिक, आणि प्रॉटेस्टंट उत्तरेने त्याला कधीच सोडून म्हातारा जवळ केलाय.

निकोलस मात्र हटला नाही. आमच्याकडून सिटी बसने जाता येईल इतक्या अंतरावर वाल्स आहे, म्हणजे नेदरलँड्स. तिथे हाच निकोलस सिंटरक्लास या नावाने नोव्हेंबरच्या मध्यावर आगबोटीने थेट स्पेनहून येतो, टीव्हीवर त्याचं स्वागत दाखवतात, आणि ५ डिसेंबरच्या रात्री भेटी वाटल्या जातात. डच लोक भेटीसोबत एक कविता देतात. ती ज्याच्यासाठी असेल त्याची त्यात यथेच्छ टिंगल, आणि ती त्यानेच सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. (आपल्याकडे हा प्रकार सुरू केला तर दोन-तीन सोयरिकी नक्की मोडतील.) सिंटरक्लासचे सोबती तोंडाला काळं फासून यायचे. त्यावर तिथे कित्येक वर्षं कडाक्याचा वाद झाला, आता बहुतेक ठिकाणी गालांवर धुरांड्यातल्या काजळीचे चार फराटे ओढतात. दुसऱ्या बाजूची सीमा ओलांडून बेल्जियममध्ये गेलात तर तोच संत ६ ला सकाळी. आखेनची मुलंही ५ च्या रात्री बूट घासूनपुसून दाराशी ठेवतात, पण त्यात चॉकलेट, संत्रं, अक्रोड असली किरकोळ वसुली होते. मोठी वसुली २४ ला.

जेवण बघायचं असेल तर पोलंडला जा, पण हॉटेलात नको, कुणाच्या तरी घरी. माझ्या ऑफिसातल्या पोलिश मैत्रिणीने मला एकदा २४ च्या रात्री माहेरी नेलं होतं. आकाशात पहिली चांदणी दिसल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही, आणि ढग असले तर घरातलं सगळ्यात धाकटं पोर जे ठरवेल ती चांदणी. पांढऱ्या टेबलक्लॉथखाली मूठभर गवत पसरलेलं, येशू जन्मला त्या गव्हाणीची आठवण म्हणून. आधी एक पातळ, छाप उठवलेली पापडी प्रत्येकाच्या हातात येते. दुसऱ्याच्या पापडीचा तुकडा मोडून खायचा आणि त्याला शुभेच्छा द्यायच्या, असं प्रत्येकाने प्रत्येकाशी. दीर-भावजयीचं वर्षभर बोलणं नसलं तरी त्या मिनिटाला सुटका नाही. मग बारा पदार्थ: बीटचं सार, कार्प मासा, हेरिंग, कोबी-मशरूम भरलेले पिएरोगी, खसखशीचे गोड प्रकार. मांस नाही, कारण परंपरेने तो उपास. उपासाला मासा चालतो हे ऐकून मी खूश झाले होते. टेबलावर एक ताट जास्तीचं मांडलेलं असतं, न सांगता आलेल्या पाहुण्यासाठी. मी सांगून गेले होते, त्यामुळे माझं ताट वेगळं आणि ते जास्तीचं रिकामंच.

पूर्वेकडे आणखी सरकलात तर तारीखच बदलते. १५८२ साली पोप ग्रेगरीने कॅलेंडर सुधारलं, पण रशिया आणि सर्बियातल्या ऑर्थोडॉक्स चर्चने सणांसाठी जुनंच ठेवलं. दोन्हींत आता १३ दिवसांचा फरक पडतो, म्हणून त्यांचा ख्रिसमस ७ जानेवारीला. ज्यांच्या घरी टिळक पंचांग आहे त्यांना हे समजवायला नको, शेजाऱ्यांच्या महिनाभर आधी गणपती बसवायची वेळ त्यांच्यावर येऊन गेलेली असते. ग्रीस, रुमेनियाही ऑर्थोडॉक्सच, पण ते २५ च पाळतात. आणि युक्रेनने २०२३ मध्ये ७ जानेवारी सोडून २५ डिसेंबर धरला. त्यामागे धर्मशास्त्र किती आणि रशियाशी चाललेलं युद्ध किती, हे सांगायला नको.

इंग्लंडचं म्हणाल तर तिथे खरोखरच पंचवीसचा सण. पण त्या दिवशी लंडनमध्ये भुयारी रेल्वे बंद, बस बंद. नातेवाईक असतील तरच जा.

तेव्हा माझं उत्तर स्पेन. तिथे सण चांगला पंधरवडाभर चालतो आणि रस्त्यावर चालतो. २२ डिसेंबरला सरकारी लॉटरीची सोडत, १८१२ पासूनची. माद्रिदच्या एका शाळेची मुलं आकडे गाऊन दाखवतात आणि अख्खा देश टीव्हीपुढे. कातालोनियात मुलं एका ओंडक्याला ८ तारखेपासून पांघरूण घालून खाऊपिऊ घालतात आणि ख्रिसमसला काठ्यांनी बडवतात, मग तो भेटी हगतो. हो, हाच शब्द, गाण्यातसुद्धा. पण मुख्य भेटी आणतात बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन राजे, ६ जानेवारीला. आदल्या संध्याकाळी गावोगावी त्यांची मिरवणूक निघते आणि रथांवरून गोळ्या-चॉकलेटं उधळतात. जाणती माणसं छत्री उलटी धरून उभी असतात, तुम्हीही एक न्या. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला गोल, मोठा गोड पाव, त्यात एक छोटी बाहुली आणि एक वालाचा दाणा लपवलेला. दाणा ज्याच्या वाट्याला येईल त्याने पावाचे पैसे द्यायचे.

व्हिसा ८ जानेवारीपर्यंतचा मागा. आणि जाताना आखेनला यायचं असेल तर २० डिसेंबरच्या आत या, तोवर मार्केट चालू असतं आणि मलाही स्वयंपाकाला वेळ असतो.