उलट्या आट्यांची प्लायमाउथ

रविवार, १ फेब्रुवारी २०२६
सोलापूर, रात्री साडेनऊ

आज आमची जुनी प्लायमाउथ मोटार तुळजापूरला जाऊन परत आली. येऊन-जाऊन नव्वद किलोमीटर म्हणजे आजच्या गाड्यांच्या हिशेबात भाजी आणायला गेल्यासारखेच. पण वडिलांनी १९८१ साली तिच्या आसांखाली चार दगडी ठोकळे सरकवून तिला मागांच्या शेडमध्ये उभी केली, त्यानंतर शहराची हद्द ओलांडण्याची तिची ही पहिलीच वेळ होती. पहाटे साडेपाचला चावी फिरवली तेव्हा सहा व्होल्टचा तो सेल्फ नेहमीप्रमाणे कण्हत कण्हत फिरला, आणि आता काही होत नाही असे वाटत असतानाच इंजिन इतक्या हलक्या आवाजात सुरू झाले की मिस्त्रीचाचांनी बॉनेटवर हात ठेवून खात्री करून घेतली.

गाडी १९५१ ची आहे. सहा सिलिंडर, ३.६ लिटरचे साइड व्हॉल्व्ह इंजिन, ९७ अश्वशक्ती, स्टीअरिंगच्या दांड्यावर तीन गिअर, आणि बॅटरीची धन बाजू चेसिसला जोडलेली. हल्ली ऋण बाजू जोडतात, म्हणून ही शेवटची गोष्ट नव्या इलेक्ट्रिशियनला प्रत्येक वेळी बजावून सांगावी लागते. बॉनेटच्या टोकाला मेफ्लॉवर जहाजाची छोटी प्रतिकृती आहे. १६२० साली ते जहाज ज्या इंग्लिश बंदरातून निघाले, तेच नाव या गाडीला मिळाले. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "ही अमेरिकेची ना?" वडील असते तर त्यांनी या प्रश्नावर अर्धा तास घेतला असता. त्यांचे म्हणणे असे की गाडीचे भाग खोक्यांत भरून अमेरिकेतून आले हे खरे, पण कुर्ल्याला ते जोडणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स वालचंद हिराचंदांची, आणि वालचंदशेठ १८८२ साली जन्मले ते आपल्या सोलापुरात. १९१९ साली सिंदिया कंपनीची जहाजे पाण्यात सोडणाऱ्या माणसाच्या गाडीवर जहाज नसेल तर काय असेल, हा त्यांचा ठरलेला विनोद होता. पाहुणे कितीही वेळा आलेले असोत, तो त्यांना ऐकावाच लागे.

वडिलांनी ही गाडी १९७४ साली एका गिरणी-अधिकाऱ्याकडून घेतली. आदल्या वर्षीच्या तेलसंकटाने पेट्रोल इतके महागले होते की या मोठ्या अमेरिकन गाड्या कोणी फुकट दिल्या तरी नकोत, अशी अवस्था होती. अनेकांनी त्यांची इंजिने काढून डिझेलची बसवली आणि गाड्या लग्नाच्या वरातींना लावल्या. वडिलांनाही तोच सल्ला मिळाला होता. त्यांनी तो मानला नाही, सात वर्षे जमेल तशी चालवली आणि मग ठोकळ्यांवर ठेवली. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी मी हा जीर्णोद्धार हाती घेतला तेव्हा मूळचे इंजिन जागेवर होते. बाकी सगळे उंदरांच्या ताब्यात होते.

पहिली फजिती माझीच झाली. शाळेत बत्तीस वर्षे विज्ञान शिकवले, तरी डाव्या बाजूचे चाक काढताना बोल्ट हलेना म्हणून मी पान्यावर उभा राहिलो आणि दोन उड्या मारल्या. दुसऱ्या उडीला बोल्टचे डोके तुटून पान्यासह माझ्या पायाशी पडले. दुसऱ्या दिवशी चाचा आले. काही न बोलता त्यांनी उजव्या चाकाचा एक बोल्ट काढला, डाव्या चाकाचा एक उलटा फिरवून सहज सोडवला, आणि दोन्ही माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. एकाचे आटे एका अंगाला उतरत होते, दुसऱ्याचे नेमके उलट. "सर, डाव्या अंगाला उलटं आटं हायेत. चाक फिरताना बोल्ट ढिला होऊ नये म्हणून त्या लोकांनी केलंय," ते म्हणाले. म्हणजे मी आदल्या संध्याकाळभर घाम गाळून तो बोल्ट आणखी आवळत होतो. अडकलेला तुकडा ड्रिल मारून काढावा लागला, आणि नवा बोल्ट अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवर करून घेतला. तिथल्या टर्नरने उलटे आटे पाडायचे का, हे मला तीन वेळा विचारले. मी एकदा तरी विचारायला हवे होते.

खरे दुखणे इंजिनच्या पोटात होते. हेड उघडले तेव्हा पाचव्या आणि सहाव्या सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेले दिसले, पुढचे मात्र धडधाकट. असे मागचेच दोन का जळावेत, याचा विचार करण्यात माझा एक आठवडा गेला. या इंजिनात पाण्याच्या पंपामागे, ब्लॉकच्या आत शेवटच्या सिलिंडरपर्यंत गेलेली एक चपटी पत्र्याची नळी असते. तिच्या खाचांतून थंड पाणी प्रत्येक व्हॉल्व्हच्या आसपास सोडले जाते. नळी गंजली की पाणी पुढच्या पुढेच वळते आणि मागची मंडळी तापत राहतात. रेडिएटर आणि पंप उतरवून आम्ही जाड तारेचा आकडा करून ती ओढू लागलो. ओढायला ती नळी उरलेलीच नव्हती. कडक भाकरी मोडावी तसे तिचे तांबूस तुकडे कडकड मोडत घमेल्यात पडत होते, आणि शेवटचे वीतभर टोक ब्लॉकला असे चिकटले होते की त्यासाठी दोन पूर्ण दिवस लागले. नवी पितळी नळी मिशिगनमधल्या पुतण्याने कपड्यांत गुंडाळून बॅगेतून आणली. सत्तर वर्षांपूर्वीच्या ब्लॉकमध्ये ती एकदाही न अडता सरकत गेली, तेव्हा चाचांच्या तोंडून "वा रे पठ्ठ्या" निघाले. ते पुतण्याला उद्देशून होते की नळी करणाऱ्याला, हे मी विचारले नाही.

मूळ रूप किती जपायचे, यावर मात्र माझे माझ्याशीच भांडण चालू होते. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळते; त्यासाठी चेसिस, बॉडी आणि इंजिन मुळात बदललेले नसावे लागते, आणि मग गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर काढता येते. तुळजापूरला चहा पिण्यासाठी जाणे त्यात बसत नाही, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. जुनीच नोंदणी नव्याने वैध करून घेतली. तरी ती व्याख्या मला पटली. गाडी गाडी असते ती चेसिस आणि इंजिनामुळे. सीटच्या कापडाबद्दल सरकारही काही बोलत नाही. उंदरांनी खाल्लेले कापड हुबेहूब तसेच अमेरिकेतून मागवता येत होते. मी मात्र मागच्या सीटच्या कडेखाली वाचलेला करड्या-निळ्या पट्ट्यांचा एक तुकडा घेऊन पूर्व भागातल्या, वडिलांच्या ओळखीच्या एका विणकरांकडे गेलो. त्यांनी तो उजेडात धरला, नखाने एक धागा सोडवला आणि म्हणाले, "हे आपल्या चादरीपेक्षा सोपं आहे." त्यांनी विणलेल्या कापडाचा निळा रंग मूळच्यापेक्षा थोडा गडद उतरला आहे. एखाद्या जाणकाराने नाक मुरडले तर मुरडू दे. आज हिने त्यावर हात फिरवून पहिल्यांदाच या गाडीबद्दल एक बरा शब्द काढला.

जाताना गाडी अतिशय सुखाने चालली. तिसऱ्या गिअरमध्ये ती बैलगाडीच्या वेगापर्यंत उतरते आणि पाय दाबला की धक्का न देता पुन्हा उचलते. पुढच्या सीटवर तिघे मांडी घालून बसावे इतकी जागा आहे. दोन्हीकडे काढणीला आलेली ज्वारी, समोर ते इवलेसे जहाज. घाटात दुसरा गिअर टाकला, एवढेच. दर्शन गर्दीमुळे बाहेरूनच झाले.

परतताना तामलवाडीच्या अलीकडे चहाला अर्धा तास थांबलो आणि तिथे ती रुसली. सेल्फ फिरत होता, ठिणगी होती, पण कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल येत नव्हते. आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल. त्याच्या भीतीने मी गाडीतल्या, टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या आधीच बदलल्या होत्या. पण उन्हात उभ्या राहिलेल्या तापल्या इंजिनाशेजारी नळीतले पेट्रोल उकळून त्याची वाफ होते, त्यावर पडदा काय करणार? आमचा जिल्हा साखर कारखान्यांचा, तेव्हा ते इथेनॉल आमच्याच उसाचे असण्याची शक्यता दाट. तक्रार करायची तर कोणाकडे? चाचांनी माझ्या खांद्यावरचा टॉवेल न विचारता घेतला, पाण्यात बुडवून पंपाला आणि नळीला गुंडाळला आणि म्हणाले, "दहा मिंटं गप बसा." मी गप बसलो. अकराव्या मिनिटाला ती सुरू झाली.

टॉवेल सोलापुरीच असल्याने पाणी भरपूर धरून होता आणि घरी येईपर्यंत पुन्हा थांबावे लागले नाही. तो अजून पंपालाच गुंडाळलेला आहे. सकाळी हिच्या नजरेस पडायच्या आत काढून भिजत टाकला पाहिजे. पेट्रोलचा वास जाईल असे वाटत नाही.