हरिकेनची तयारी, जुलैपर्यंत: चिंगीचा थंड डबा आणि बाकीची कामं

यंदाच्या तयारीत माझा सगळ्यात जास्त वेळ ऊब टिकवण्यात नाही, थंडावा टिकवण्यात जातोय. फ्लोरिडातल्या टँपात राहून सरपटणारे प्राणी पाळणाऱ्या प्रत्येकाने हाच क्रम धरावा, असं माझं ठाम मत झालंय. घरात तिघं आहेत: सोन्या (बॉल पायथन, म्हणजे छोटा बिनविषारी अजगर), बाजी (बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे वाळवंटी सरडा) आणि चिंगी (क्रेस्टेड गेको, म्हणजे पालीची एक जात). लाईट गेल्यावर पहिली काळजी चिंगीची.

लाईट गेल्यावर काय करायचं हे शोधलं की बहुतेक सल्ले थंडीचे मिळतात: हीट पॅक, गोधड्या, गरम पाण्याच्या बाटल्या. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सास गोठलं तेव्हा हे सगळं लाखमोलाचं होतं. फ्लोरिडात मात्र वादळं येतात ती बहुतेक ऑगस्ट ते ऑक्टोबरात. 2017 च्या इर्मा वादळानंतर फ्लोरिडातल्याच हॉलीवूड शहरातल्या एका वृद्धाश्रमाचा एसी बंद पडला आणि 12 ज्येष्ठांचा उकाड्याने जीव गेला. माणसांची ही गत, तर 28 अंशांपलीकडे कासावीस होणाऱ्या गेकोचं काय? मिल्टन वादळ 9 ऑक्टोबर 2024 ला टँपाच्या दक्षिणेला सिएस्टा की बेटावर धडकलं, राज्यात तीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, आमचीही गेली. मागोमाग हवा उतरली म्हणून निभावलं. तेच वादळ ऑगस्टच्या मध्यावर आलं असतं तर?

म्हणून या महिन्यात एका शनिवारी मुद्दाम दिवसभर एसी बंद ठेवून पाहिला. चिंगीला आधीच मैत्रिणीकडे सोडलं होतं. सकाळी खोलीत 25 अंश होते, दुपारी चारला 31. पश्चिमेच्या भिंतीलगत, जिथे तिची टाकी असते, तिथे 32 च्या वर. रात्री अकरालाही पारा 29 च्या खाली आला नाही. ओला टॉवेल आणि पंखा ही आपल्याकडची युक्ती इथल्या दमट हवेत जवळपास कुचकामी ठरते, पाणी उडतच नाही.

मग थंड डबा केला. जाड थर्माकोलचा खोका, आत तळाला एका कडेला अर्ध्या लिटरची गोठवलेली बाटली, सुती फडक्याच्या दोन घड्यांत गुंडाळून, खोक्याला चिकटपट्टीने घट्ट बांधलेली, म्हणजे घरंगळून अंगावर येणार नाही. दुसऱ्या टोकाला चिंगीचा झाकणाचा डबा: भोकं पाडलेला, ओलसर टिश्यू आणि प्लॅस्टिकची वेल घातलेला. थर्मामीटरची वायर डब्याच्या आत, आकडा बाहेर दिसतो. खोक्याचं झाकण बोटभर उघडं. एका बाटलीवर आतलं तापमान 23 ते 25 मध्ये साधारण पाच तास राहिलं. दोन बाटल्या घातल्या तर 20 च्या खाली घसरलं, ते नको. ही चाचणी रिकाम्या डब्यावर केली. चिंगीला डब्यात घ्यायची सवय मात्र रोज चालू आहे: डबा समोर धरायचा आणि ती आपणहून उडी मारेपर्यंत थांबायचं. घाईत पकडलं तर क्रेस्टेड गेको शेपूट टाकते, आणि तिची शेपूट परत उगवत नाही. 1994 मध्ये न्यू कॅलेडोनियात पुन्हा सापडेपर्यंत ही जात नामशेष झाली असंच समजत होते. असा जीव आपल्या घरात आहे, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

बॅटरीचं गणित यामुळे बदललं. 1000 वॉट-अवरच्या पॉवर स्टेशनमधून (घरात ठेवायची मोठी बॅटरी) हाती साधारण 850 लागतात. 60 वॉटचा सिरॅमिक हीटर सलग लावला तर चौदा तासांत सगळं संपतं. 5 वॉटचा यूएसबी पंखा सातेक दिवस चालतो. गाडीत चालणारा छोटा फ्रीज सरासरी 20 वॉट धरला तर चाळीसेक तास, आणि त्यात बाटल्या गार ठेवता येतात. वादळानंतर ऊन कडक पडतं, म्हणून 200 वॉटचं घडीचं सोलर पॅनेल घेतलंय. जनरेटर ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो घरापासून 20 फूट लांबच ठेवा, गॅरेजमध्ये तर नाहीच.

बाजीचं सोपं आहे. ऊन खायला दिवा नाही म्हणजे अन्न पचणार नाही, म्हणून खाणं बंद, पाणी चालू. 30 अंशांच्या खोलीत तो मजेत असतो.

सोन्याचं जेवण मी राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या पाच दिवसांच्या शंकूत (वादळाच्या संभाव्य मार्गाच्या नकाशात) टँपा आलं की थांबवते. पोटात उंदीर असताना हलवलं तर तो ओकून टाकतो, आणि मोठा बॉल पायथन काही आठवडे सहज उपाशी राहतो. प्रवासासाठी उशीचा अभ्रा: शिवण उलटी बाहेर, म्हणजे सुटे धागे खवल्यांत अडकत नाहीत. तोंडाला पीळ देऊन गाठ मारायची आणि अभ्रा कुलूप लागणाऱ्या टोटमध्ये (झाकणाच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात) ठेवायचा. गोठवलेल्या उंदरांसाठी फ्रीजर गच्च भरलेला हवा. दार उघडलं नाही तर भरलेला 48 तास तग धरतो, अर्धा रिकामा 24. मोकळ्या जागी पाण्याच्या बाटल्या भरल्यात. चिंगीच्या बाटल्या मात्र वादळाच्या आदल्या रात्री वेगळ्या कूलरमध्ये काढणार, नाहीतर पाच-पाच तासांनी फ्रीजर उघडावा लागेल.

निवाऱ्याचं आधी विचारून ठेवा. कत्रिना वादळानंतर 2006 मध्ये कायदा झाला आणि आपत्ती नियोजनात पाळीव प्राणी आले, पण फेमा या केंद्रीय आपत्ती संस्थेच्या व्याख्येत कासव सोडून बाकी सरपटणारे प्राणी बसत नाहीत. प्राणी घेणाऱ्या निवाऱ्यातही साप घेतीलच असं नाही, काउंटीला फोन करून खात्री करायची. आमचं ऑर्लँडोला नणंदेकडे ठरलंय. तिला सापाची भीती आहे, तरी तिने धुलाईची खोली देऊ केली, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

आणि कुणालाच सोय झाली नाही तरी प्राणी बाहेर सोडायचा नाही. 1992 च्या अँड्र्यू वादळात अजगरांचं एक प्रजनन केंद्र उद्ध्वस्त झालं, दक्षिण फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स दलदलीतल्या बर्मी अजगरांच्या फैलावात त्याचाही हात असल्याचं मानतात. राज्याच्या वन्यजीव आयोगाची योजना आहे, तिथे परदेशी पाळीव प्राणी दंडाशिवाय जमा करता येतो.

उरलेली कामं: टोटवर मोठ्या अक्षरांत ‘बिनविषारी’, जात, आमचा फोन आणि डॉक्टरांचा नंबर असलेली लॅमिनेट केलेली चिठ्ठी. तिघांचे ताजे फोटो, सोन्याच्या पाठीवरच्या नक्षीचा जवळून घेतलेला. आणि चिंगीचा डबा गाडीत ठेवून, एसी लावून, ऑर्लँडोपर्यंतच्या रस्त्यावर एकदा तापमान बघायचंय. त्याचे आकडे ऑगस्टच्या नोंदीत देते. क्रेस्टेड गेकोला अशा डब्यात रात्रभर ठेवून पाहिलेलं कुणी असेल तर बाटली किती तासांनी बदलली, ते जरूर सांगा.