पेनड्राइव्हवरून चालू, हार्डडिस्कवरून बंद

तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलं की ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून द्या’ हे रोजचंच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि गिऱ्हाइकांत शाळांची भर पडली. अकोले तालुक्यात डोंगरातल्या एका हायस्कूलला पुण्याच्या कुठल्याशा ऑफिसातून जुने डेस्कटॉप भेट आले होते. सहाव्या पिढीचे आय३ प्रोसेसर, रॅम चार जीबी. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. मी डेबियन १३ या लिनक्सचा डीव्हीडीवाला आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची मोठी फाइल, पेनड्राइव्हवर घेऊन गेलो. छोटा नेटइन्स्टवाला मुद्दाम नेला नाही. तो उरलेलं सगळं नेटवरून ओढतो, आणि शाळेत रेंज फक्त गच्चीवर, तीही पाण्याच्या टाकीला खेटून उभं राहिलं तर.

इन्स्टॉल सुरळीत झालं. सुरुवातीच्या भाषांच्या यादीत मराठी दिसल्यावर सर खूश. ‘मराठीच ठेवा’ म्हणाले, ठेवली. शेवटी रीस्टार्ट केलं, पेनड्राइव्ह काढला आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: नो बूट डिव्हाइस फाउंड, म्हणजे ज्यावरून चालू व्हायचं ती डिस्कच सापडत नाही. शेजारचं मशिनही तसंच. त्याच्या पलीकडचं दुसऱ्या कंपनीचं होतं, ते मात्र पहिल्या फटक्यात चालू झालं.

गच्चीवर जाऊन एका मित्राला फोन लावला. ‘बायोसमध्ये लेगसी कर आणि परत टाक.’ म्हणजे मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये चालू होण्याची जुनी पद्धत निवड. हा आमच्या धंद्यातला रामबाण उपाय. लागू पडतोही कधी कधी, पण का पडला ते कळत नाही. मला खटकत होतं ते वेगळंच: त्याच मशिनवर पेनड्राइव्ह मजेत बूट होतोय, मग हार्डडिस्कनं काय घोडं मारलंय?

चालू झालेल्या मशिनलाच विचारावं म्हटलं. माहिती फक्त नेटवर मिळते असा लोकांचा समज असतो, पण लिनक्स टाकलं की तिचा मोठा साठा डिस्कवर आपोआप येतो. टर्मिनल उघडून ग्रब-इन्स्टॉलचं, म्हणजे लिनक्स चालू करून देणारा प्रोग्राम डिस्कवर बसवणाऱ्या कमांडचं, मॅन पेज (माहितीचं पान) काढलं. ही पानं कोरडी ठाक, उदाहरण औषधालाही नाही, पण थापा मारत नाहीत. नववीतली एक मुलगी खुर्चीमागे उभी राहून मोठ्यानं वाचत होती. ‘फोर्स एक्स्ट्रा रिमूव्हेबल’ या पर्यायाशी ती थांबली.

‘सर, रिमूव्हेबल म्हणजे पेनड्राइव्ह ना? मग ते हार्डडिस्कला कशाला?’

प्रश्न बिनचूक होता आणि उत्तरही त्यातच होतं. यूईएफआयवालं, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीचं, मशिन चालू होताना मदरबोर्डवरच्या मेमरीतल्या नोंदी बघतं. डेबियन आपली फाइल डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये, ‘डेबियन’ नावाच्या फोल्डरात ठेवतं आणि तशी नोंद करतं. काही फर्मवेअर (मदरबोर्डवरचे हे मूळ प्रोग्राम) मात्र विंडोजखेरीज दुसऱ्या कुणाची नोंद जुमानत नाहीत. पेनड्राइव्हची तर आधी कुठेच नोंद नसते, म्हणून त्याच्यासाठी एक जागा ठरवून दिलेली आहे: ‘ईएफआय’ फोल्डर, त्यात ‘बूट’, त्यात ‘बूटएक्स६४.ईएफआय’. तिथे फाइल सापडली की मशिन ती मुकाट उचलतं. हार्डडिस्कवरही त्याच नावाची प्रत त्याच जागी ठेवली की काम झालं.

बंद मशिनला पेनड्राइव्ह लावून रेस्क्यू मोडमध्ये, म्हणजे बिघडलेलं इन्स्टॉल दुरुस्त करायच्या भागात, गेलो. मुख्य पार्टिशन निवडल्यावर जो मेनू येतो, त्यात नेमक्या याच कामाचा पर्याय होता. एंटर मारलं, रीस्टार्ट केलं, लॉगिनची खिडकी हजर. मुलांनी टाळ्या पिटल्या. उरलेल्या मशिनना बारीकसारीक सगळं विचारणारं एक्स्पर्ट इन्स्टॉल घेतलं. त्यात ही जादा प्रत ठेवायची का, हा प्रश्न आधीच विचारला जातो. साध्या इन्स्टॉलमध्ये तो न विचारताच ‘नाही’ धरला जातो, हे मला काही पटलेलं नाही. दुसऱ्यांच्या बेशिस्त फर्मवेअरसाठी आपण का वाकायचं, असा डेबियनवाल्यांचा बाणा असेल. पण भोगायला खेड्यातली शाळा लागते.

सरांनी कृती लिहून मागितली. त्या मुलीनं रेस्क्यू मोड पुन्हा उघडला आणि मेनूतले शब्द पडद्यावर होते तसेच वहीत उतरवले. प्रिंटर तेवढा राहिला. त्याच्या खोक्यातल्या पुस्तिकेत विंडोज ७ च्या पुढचं काहीच नाही. मॉडेल नंबरचा फोटो काढून घेतलाय, रेंजमध्ये आलो की बघतो असं सांगून निघालो.