उड्या ओळखायची वही, नोंद चौथी: लेपिस्तोचा टो लूप

गेल्या नोंदीत फिगर स्केटिंगच्या वीसपैकी नऊ उड्या बरोबर ओळखता आल्या होत्या, या वेळी चौदा. फार खूश होऊ नका, त्यातल्या पाच-सहा ॲक्सेल होत्या. ॲक्सेलला स्केटर समोर तोंड करून झेपावतो, तिथे चूक करायला खास मेहनत लागते.

या वेळी वहीत फिनलंडची लाउरा लेपिस्तो. एस्पोची, जन्म 1988 चा. 2009 मध्ये घरच्याच हेलसिंकीत ती विसाव्या वर्षी युरोपियन विजेती झाली, इटलीची कोस्तनर दुसरी. ब्राँझ सुसान्ना प्योइकिओला, म्हणजे एकाच मंचावर दोन फिनिश मुली. (हे आडनाव नीट उच्चारायला मला दोन संध्याकाळी लागल्या.) 2005 मध्ये तुरिनमध्ये रौप्य मिळवून फिनिश मुलींचं युरोपियन पदकांचं खातं प्योइकिओनेच उघडलं होतं, आणि त्याच तुरिनमध्ये 2010 ला लेपिस्तोने जागतिक ब्राँझ घेतलं. एकेरीत जागतिक पदक मिळवणारी ती पहिली फिनिश मुलगी. गुण असे: जपानची आसादा 197.58, कोरियाची किम 190.79, लेपिस्तो 178.62.

मी अडकलो तिच्या ट्रिपल टो–ट्रिपल टोवर, म्हणजे लागोपाठ दोन टो लूप, प्रत्येकात हवेत तीन फेऱ्या. पाव वेगाने अकरा वेळा पाहिलं. बहुतेक स्केटर हवेत डावीकडे फिरतात, त्यांचं टो लूपचं गणित असं: उजव्या पायाच्या पात्याच्या बाहेरच्या कडेवर मागे सरकत यायचं, डाव्या पायाचा टो (पात्याचं दातेरी टोक) बर्फात रोवायचा आणि सुटायचं. उतरायचंही त्याच उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर, मागे जात. म्हणजे पहिली उडी कुठलीही असो, ती संपते तिथेच टो लूप सुरू होतो. जोडीतली दुसरी उडी इतक्या वेळा टो लूपच का असते, हे मला अकराव्या खेपेला उमगलं. डोक्यावर हात मारून घेतला.

त्या मोसमात ट्रिपल टोची मूळ किंमत 4 गुण होती, ट्रिपल लट्झ या दुसऱ्या उडीची 6. म्हणजे तिची जोडी 8 ची आणि लट्झ–टोवाल्यांची 10 ची. तिची जोडी स्वस्तातली, तरी पदक आलं. माझ्या मते ते उतरल्यानंतरच्या सरकण्यात आहे. पाय टेकल्यावर वेग मरत नाही, तशीच ती लांब वळत जाते. उड्या मोजण्याच्या नादात मी हे आधी बघतच नव्हतो.

पुढे दुखापतींनी गाठलं आणि 2012 मध्ये, चोवीस पूर्ण व्हायच्या आत, ती थांबली.

चुकलेल्या सहांपैकी चार फ्लिप–लट्झच्या गोंधळातल्या. दोन्हींत उजवा टो रोवतात. फरक डाव्या पायाच्या कडेचा: फ्लिपला आतली, लट्झला बाहेरची. कॅमेरा समोरून असला की मला अजूनही काही कळत नाही. पुढच्या नोंदीला फिनलंडचीच कीरा कोर्पी, शेफील्डच्या 2012 च्या युरोपियन स्पर्धेतली रौप्यवाली. कुणाकडे बाजूच्या कॅमेऱ्याचं चित्रण असेल तर सांगा.